बरणीतलं शेवाळ

प्रिय सूनबाई,

तू घर सोडलंस, तरी ही हाक सोडणं मला जमत नाही. वय झालं म्हण.

न्हाणीघराच्या खिडकीतला तुझा नेचा इथेच राहिला. तुझा नवरा पडला आरोग्य निरीक्षक. दिवसभर हॉटेलांची स्वयंपाकघरं तपासूनही त्याचं मन भरत नाही. पानांखाली तपकिरी ठिपके दिसताच त्यानं स्पिरिटचा बोळा घेतला. "अरे, त्यातूनच त्याची पिल्लं होतात," मी ओरडले. "मग पिल्लांनीही स्वच्छ राहावं," म्हणाला. सगळी पानं पुसली. नेचा वाळला.

एक पान मी आधीच तोडून कागदात दुमडलं होतं. त्याची तपकिरी भुकटी पडली. तू दाखवलं होतंस तसं मातीवर उकळतं पाणी ओतलं, ती गार झाल्यावर थोडी भुकटी भुरभुरली, बरणीला झाकण लावलं. बरेच दिवस काही नाही. मग मातीवर हिरवा थर धरला. मी हरखले, तो हादरला. "आई, शेवाळ!" बरणी ब्लीचनं घासून त्यानं पालथी घातली. त्या थरातूनच रोपं निघतात, हे ऐकायला तो थांबलाच नाही.

उरलेल्या भुकटीची दुसरी बरणी मी माझ्या खोलीत, पडद्याआड ठेवली. तो रोज दारात उभा राहून हुंगतो. "कुबट वास येतोय." मी म्हटलं, "माझाच असेल." त्यानं पंखा माझ्याकडे वळवला.

पोरगा वाईट नाही. औषधं वेळेवर देतो. गोळी पुसून देतो, एवढंच.

आता त्या थरातून पहिली पानं डोकावली आहेत, मुंगीला छत्री होतील एवढी. आणि त्यानं हवेतला ओलावा शोषणारं यंत्र मागवलंय, माझ्याच खोलीसाठी. शनिवारी येतंय. पडदा काढूनच बसवणार आहे.

म्हणून शुक्रवारी बरणी तुझ्याकडे आणते. रोपं वेगळी लावण्याजोगी होईपर्यंत तिच्यावर कुणाची तरी नजर हवी, तेव्हा मीही राहीन. तुझ्याकडे पलंग एकच आहे, ठाऊक आहे. मी खाली झोपेन. घरातला पसारा आवरायला मुळीच बसू नकोस, मला तो बघायचाय. किती दिवस राहणार, ते मात्र विचारू नकोस. नेचे फार सावकाश वाढतात.

तुझीच,
अजून तरी सासू