व्हॉल्व्ह मीच धुतले

६ मार्च
फ्रीजरमधला बर्फाचा ट्रे काढून ह्यांनी आत काय ठेवलं, तर टेम्पोच्या इंजिनच्या हेडचे नवीन गाईड, व्हॉल्व्ह सरकतात त्या बारक्या नळ्या! गार झाले की आकसतात म्हणे, मग तापवलेल्या हेडात नीट बसतात. जुने झिजलेत, व्हॉल्व्ह डुगडुगतात, टेम्पो नुसता निळा धूर सोडतो. असू दे. कामाला तरी लागले. मागल्या महिन्यात सात रस्ता चौकातनं घरचीच वाट चुकले, तेव्हापासून महेशचं एकच, "आई, हे काम नीट झालं तर ठीक. न्हायतर गॅरेज भाड्यानं देऊ."

८ मार्च
गाईड बसले! आता एकेक व्हॉल्व्ह पेस्ट लावून हेडातल्या जागेवर घासतायत. झाला की पुठ्ठ्याच्या भोकात ओळीनं खोचतात. कशाला, कुणास ठाऊक. हात जरासुद्धा थरथरत नाही. शीळ घालत होते आज. लई दिवसांनी.

९ मार्च
काय करून बसले मी.
दुपारी हे झोपलेले. महेश येणार म्हणून आवरायला घेतलं. व्हॉल्व्ह काळेकुट्ट, भांड्याच्या साबणानं लख्ख धुतले, परातीत ठेवले. पुठ्ठा तेलकट, दिला घंटागाडीत.
उठले नि परातीकडं बघतच राहिले. "जिथं घासलाय तिथंच बसतो गं एकेक. आता कुठला कुठं... पुठ्ठ्यातनं कुणी—" थांबले. "मीच काढले असतील. कळतच न्हाय आता."
एरवी पाना हलला तरी गल्ली गोळा करायचे. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी आपली परात पदरानं पुसत बसले. तेवढ्यात महेश आला. बापाचं तोंड बघितलं नि त्यांनीच काम बिघडवलं असं धरून चालला.

१० मार्च
सांगितलं. चहा देताना, साबणासकट सगळं. ह्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "किती सांभाळून घेशील मला?"
देवाशपथ म्हटलं. तर हसले. पुठ्ठा असता तर दाखवला तरी असता. मेली माझी आवरासावर!

११ मार्च
"परत घासा की, आठच तर हायत."
"घासीन. आणि परत विसरलो तर?"
गॅरेजची किल्ली माझ्या हातात दिली, महेशला दे म्हणाले.
महेशला फोन केला. मीच धुतले रे, बाबांची काही चूक नाही. तर म्हणतो, "आई, तू त्यांची बाजू घेणारच की. रविवारी येतो किल्लीला."
फोन ठेवून रडले. खरं बोलून कुणाला खरं वाटेना.
हे ओट्यावर बसलेत, नुसते. हेड झाकून ठेवलंय. किल्ली माझ्या पदराला.