ब जिन्यातील सोळाही घरांच्या पाट्यांवर 'निएमी' हे एकच आडनाव राहू देण्याबाबत

प्रति,
मा. इमारत तपासणी अधिकारी,
नगरपालिका कार्यालय, हिएतास्कोस्की.

अर्जदार: श्रीमती मार्केत्ता हाउताला, वय ७४, निवृत्त टपाल कर्मचारी, अध्यक्षा, पिहलाया गृहनिर्माण संस्था.

विषय: ब जिन्याच्या तळमजल्यावरील नामफलक आहे तसा ठेवण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ: आपली नोटीस, दि. १४ फेब्रुवारी. (मुदत चौदा दिवस.)

महोदय,

१. आपली नोटीस मिळाली. आपण छतावर जाण्याच्या शिडीची तपासणी करण्यास आला असता, ब जिन्याच्या फलकावर सोळा ओळींत सोळा वेळा 'निएमी' हेच आडनाव आपणांस दिसले, व अशा फलकामुळे पाहणाऱ्याची दिशाभूल होते, असे आपण नमूद केले आहे. आपले निरीक्षण अचूक आहे. दिशाभूल होते. फलक त्यासाठीच तसा केलेला आहे.

२. कारण सांगण्यापूर्वी एक विनंती. नगरपालिकेत आलेला कागद कुणीही मागून वाचू शकतो, हे अर्जदारास टपाल खात्यातील एकोणचाळीस वर्षांच्या नोकरीमुळे चांगले ठाऊक आहे. सबब या अर्जावर गोपनीयतेचा शिक्का मारावा. शिक्का मारणारा सुट्टीवर असल्यास काय, म्हणून अर्जदाराने आपली सोय आधीच करून ठेवली आहे: खाली ज्या भगिनींचा उल्लेख येतो त्यांचे नाव, वय व मजला लिहिलेला नाही, आणि जेथे लिहिल्यासारखे वाटेल तेथे तो खोटा आहे.

३. सदर भगिनी गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्याकडे राहावयास आल्या. नवऱ्याने मारझोड केल्यामुळे त्या दोन सुटकेसेस घेऊन घर सोडून निघाल्या होत्या. शासनाने त्यांच्यासाठी जे करायचे ते केले, हे अर्जदार मोकळ्या मनाने मान्य करते. मदतीचा फोन दुसऱ्या घंटेला उचलला गेला. निवारागृहात त्याच दिवशी खोली मिळाली. न्यायालयाने नवऱ्याला त्यांच्या जवळ फिरकण्यास मनाई केली. त्यांचा पत्ता सरकारी नोंदीत झाकला गेला, इतका की खुद्द एका सरकारी कचेरीने त्यांना पत्र पाठवून त्यांचा पत्ता विचारला. (ते पत्र पोहोचले. कसे, ते कुणाला कळलेले नाही.) एवढा सगळा बंदोबस्त झाल्यावर एकच गोष्ट राहिली. ती म्हणजे आमच्या जिन्याच्या पायथ्याशी असलेला पत्र्याचा फलक. आपल्या देशात माणूस एक वेळ शेजाऱ्याशी बोलणार नाही, पण त्याचे आडनाव खाली फलकावर आणि वर दाराच्या टपालफटीवर असलेच पाहिजे.

४. पहिली चूक आमचीच झाली. इमारतीची देखभाल पाहणारे श्री. योउको हे अतिशय सरळ गृहस्थ आहेत. फलकावरची ओळ रिकामी ठेवायची नाही हा नियम, आणि या बाईंचे नाव लिहायचे नाही हा आदेश. योउको यांनी दोन्ही पाळले. त्या ओळीत त्यांनी सुबक पांढऱ्या अक्षरांत 'गुप्त पत्ता' असे लिहिले. हा मजकूर चार तास फलकावर होता. तेवढ्यात अ जिन्यातील लोकसुद्धा तो वाचून गेले. अर्जदाराने योउको यांना बोलावून विचारले, "अरे, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" त्यावर ते म्हणाले, "मार्केत्ता, मी खोटं लिहिलेलं नाही." हे मात्र खरे होते.

५. त्या संध्याकाळी कपडे धुण्याच्या खोलीत संस्थेची तातडीची सभा झाली. ओळ रिकामी ठेवावी तर दातांतल्या फटीसारखी ती आधी दिसते. खोटे नाव लिहावे तर बाकीची पंधरा नावे पिवळी पडलेली आणि हे एकच नवे कोरे. सगळीच अक्षरे नवी करावीत, तर पंधरा नावे फोनच्या डिरेक्टरीत सापडतात आणि सोळावे सापडत नाही. म्हणजे तांदळातला खडा वेचून हातात दिल्यासारखे झाले. तेव्हा पहिल्या मजल्यावरचे श्री. रेइनो निएमी उठले. वय ८३, निवृत्त बसचालक, आमच्या जिन्यातील एकुलते एक खरे निएमी. सभेत ते सहसा फक्त कॉफीपुरते तोंड उघडतात. ते म्हणाले, "माझं घ्या. सगळ्यांनीच घ्या. मला ना मूल ना बाळ, नुसतं पडून आहे." ठराव एकमताने संमत झाला. दुसऱ्या दिवशी योउको यांनी फलकावर आणि दारांवर एकाच नावाच्या सोळा-सोळा पाट्या लावल्या, आणि त्यांपैकी एक तरी खरी आहे यावर समाधान मानले.

६. या व्यवस्थेमुळे काही गैरसोयी झाल्या, हे लपविण्याचा अर्जदाराचा हेतू नाही. तळघरातील वाफेच्या सौनाच्या वेळापत्रकातही मंडळींनी उत्साहाने एकच आडनाव लिहिले, त्यामुळे एका शुक्रवारी सात वाजता सहा जण टॉवेल गुंडाळून एकमेकांकडे पाहत उभे राहिले. टपाल आता रोज सकाळी अर्जदार स्वतः वाटते. आजवर एकच चूक झाली. सदनिका १४ मधील बाईंच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख सदनिका ४ मधील गृहस्थांना गेली, आद्याक्षर एकच असल्यामुळे. सदर गृहस्थ वक्तशीर आहेत. ते रुग्णालयात वेळेच्या दहा मिनिटे आधी जाऊन बसले, आणि नाव पुकारल्यावर उठून आतही गेले. तसेच निएमी कुळमंडळाला आमचा सुगावा लागून, एका छताखाली नांदणारी सर्वांत मोठी शाखा म्हणून त्यांनी आम्हांस वार्षिक मेळाव्यास बोलावले. रेइनो आणि अर्जदार गेले. सॅल्मन माशाचे सूप उत्तम होते. "तुम्ही निएमींच्या कोणत्या शाखेचे?" असे अध्यक्षांनी विचारले, तेव्हा रेइनो म्हणाले, "ब जिन्याच्या." अध्यक्षांनी ते लिहून घेतले.

७. आता मुख्य मुद्दा. १९ ऑक्टोबर रोजी दुपारी दोन वाजता तो इसम, म्हणजे तो नवरा, आमच्या जिन्यात आला. सदर भगिनींना कुणीतरी इथल्या दुकानात पाहिले होते, तेवढ्या धाग्यावर तो रस्त्यावरची एकेक इमारत पालथी घालत होता. हातात त्यांचा फोटो. फलकापुढे तो बराच वेळ उभा राहिला, हे अर्जदाराने जिन्याच्या वळणावरून पाहिले. मग त्याने पहिल्या मजल्यावरची घंटा वाजवली. रेइनो यांनी दार उघडले, फोटो पाहिला, आणि म्हणाले, "आत ये की. कॉफी आत्ताच झालीय." आपल्याकडे झालेल्या कॉफीला नाही म्हणता येत नाही. तो बसला. दालचिनीचे चार पाव त्याने खाल्ले. त्या दरम्यान रेइनो यांनी त्याला १९७४ सालच्या सर्व बसमार्गांची माहिती थांब्यांसह दिली. वर, नेमक्या कोणत्या मजल्यावर ते सोडा, एक बाई न्हाणीघराच्या फरशीवर दाराला पाठ लावून बसली होती, आणि अर्जदार तिचा हात धरून शेजारी बसली होती. तो हात थंडगार होता. अर्जदार हे आयुष्यात विसरणार नाही.

८. त्या इसमाने रेइनो यांना सरळ सांगितले, "मी रिकामी ओळ बघतो, नाहीतर नवी पाटी. आतापर्यंत दोन इमारतींत तसंच केलं. पण तुमच्याकडे हे काय, सगळेच निएमी?" रेइनो म्हणाले, "मोठं कुटुंब आहे बाबा. भांडतो, पण वेगळे होत नाही." नंतर रेइनो यांनी जन्मातली पहिली थाप मारली. अशी एक बाई मागच्या महिन्यात उत्तरेकडच्या गाडीत बसताना पाहिली, असे म्हणून त्यांनी त्याला स्वतः थांब्यापर्यंत नेले, ३.४० च्या बसमध्ये बसवले आणि उरलेले पाव बरोबर बांधून दिले. साठ किलोमीटरवर, पुढच्या स्थानकात, पोलीस त्याची वाट पाहत उभे होते. त्यांना फोन अर्जदाराने केला होता. त्या दिवसानंतर तो या जिल्ह्यात दिसलेला नाही. रेइनो मात्र थाप मारल्यामुळे दोन दिवस पडून होते.

९. ऑक्टोबरपर्यंत सदर भगिनींचे पडदे दिवसाही ओढलेले असत. आता त्या सौनात येतात, सर्वांत वरच्या फळीवर बसतात आणि इतरांना पळवून लावेपर्यंत तापल्या दगडांवर पाणी ओततात. या महिन्यात त्यांनी खिडकीत टोमॅटोचे बी पेरले आहे. कोणत्या खिडकीत, हे पाहण्यास कुणी आल्यास त्याची निराशा होईल. यंदा सोळाही खिडक्यांत टोमॅटो आहेत.

१०. तरीही फलकावरचे नाव खरेच असले पाहिजे, असा आपला आग्रह असेल, तर त्यालाही आमची तयारी आहे. फलक बदलण्याऐवजी आम्ही बदलू. पंधरा कुटुंबांनी आपले आडनाव कायदेशीररीत्या 'निएमी' करण्याचे अर्ज भरले असून ते सोबत जोडले आहेत. रेइनो यांना अर्जाची गरज नाही. प्रत्येक अर्जावर स्वतंत्र चौकशी, स्वतंत्र निर्णय व स्वतंत्र पत्र लागेल, हे आम्हांस समजते. आम्हांला घाई नाही. तोपर्यंत फलक आहे तसा राहू द्यावा.

११. आता शेवटचे, आणि हे लिहावे की नाही यावर अर्जदाराने दोन दिवस घालवले. अर्जदार १९७५ सालापासून याच जिन्यात, सदनिका ६ मध्ये राहते. तिचा नवरा १९८३ साली स्वीडनला निघून गेला. त्याआधीची आठ वर्षे, बहुधा रविवारी दुपारी, सदनिका ६ मध्ये जे होई ते सोळाही घरांत ऐकू जाई. भिंती तेव्हाही एवढ्याच पातळ होत्या. कुणाला दोष देण्यासाठी अर्जदार हे लिहीत नाही. तो काळच तसा होता, दुसऱ्याच्या घरात नाक खुपसू नये असे चांगली माणसे म्हणत. कपडे धुण्याच्या खोलीतली ती तातडीची सभा संपल्यावर रेइनो कपबशा विसळण्याच्या निमित्ताने मागे थांबले आणि पाठमोरेच म्हणाले, "मी रेडिओ मोठा करायचो, मार्केत्ता." अर्जदार म्हणाली, "ठाऊक आहे. ऐकू यायचा."

त्या आठ वर्षांत एकही दार उघडले नाही. फलक मात्र, साहेब, नियमाला धरून होता. सोळा ओळी, सोळा नावे, सगळी खरी.

उत्तर अर्जदाराच्या नावे पाठवावे. ब जिन्यात कुठेही टाकले तरी पोहोचेल.

आपली नम्र,
मार्केत्ता हाउताला
(फलकावर: निएमी)

हिएतास्कोस्की, दि. २४ फेब्रुवारी

सोबत:
१. आपल्या नोटिशीची प्रत.
२. आडनाव बदलाचे अर्ज, एकूण पंधरा, सगळे बंद लिफाफ्यांत.
३. या अर्जासाठी याच महिन्यात घेतलेल्या सभेचा ठराव, सोळा घरांच्या सह्यांसह; सही सगळ्यांनी 'निएमी' अशीच केली आहे. सदर भगिनींची सहीही त्यात आहे. ती त्यांनी आपण होऊन केली, आणि पेन परत देताना त्यांचा हात उबदार होता.