प्लॅनमध्ये न येणारं

हॅनकॉक, मिशिगन
१३ मार्च, बुधवार

प्रिय वेस,

तुझं पत्र मिळालं. मी बरी आहे. रस्त्याकडेचा बर्फ अजून खिडकीला टेकलाय. सौनाच्या न्हाणीघराचं धुराडं वाकलं होतं, ते सरळ करून घेतलं.

तुझी जून आता घराबाहेर पडते आणि तिला पक्ष्यांचे फोटो काढायचेत, हे वाचून बरं वाटलं. 'कॅमेरा पाडला तरी बदलून देतात म्हणे, मग ही दर महिन्याला नवा आणेल' हे तुझं वाक्य मी दोनदा वाचलं. जानेवारीनंतरचा तुझा पहिला विनोद.

कॅमेऱ्यासाठी दुकानाचा प्लॅन घ्यावा की विमा, असं तू विचारलंस. प्लॅन म्हणजे पडला, फुटला, भिजला तर बदलून नवा. चोरीला गेला, हरवला तर ते हात वर करतात. त्यासाठी विमा. तुमच्या घराच्या विम्यात जूनचा कॅमेरा बसेल, कारण ती हौशी. माझा बसत नाही. मी त्यावर पोट भरते, आणि धंद्याचा वेगळा विमा मला कधी झेपला नाही. म्हणून माझ्याकडे फक्त प्लॅन. विकणारा म्हणाला होता, 'घेऊन टाका, शांत झोप लागेल.'

जूनसाठी प्लॅन घे. तिची बोटं अजून थरथरतात, असं तूच लिहिलंयस. आणि तिला सांग, घरी आल्याबरोबर कार्ड काढून फोटो उतरवून ठेवायचे. त्याच दिवशी. जेवायच्या आधी.

मी इतकी वर्षं तेच करत आले.

वेस, माझा कॅमेरा मोडलाय. गेल्या महिन्यात हॉकीच्या सामन्याचे फोटो काढायला गेले, मैदानाबाहेर पाय घसरला आणि मी त्याच्यावरच पडले. कोपराला लागलं, ते बरं झालं. कॅमेऱ्याची एक बाजू आत गेली. कार्डाची खाच तिथेच. कार्ड आत वाकून बसलंय, निघत नाही.

तुझ्या पत्राच्या शेवटच्या ओळीचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. जून आता आयनोचे फोटो मागते आहे. सवडीने पाठव, असं तू लिहिलंयस.

ते त्या कार्डावर आहेत. दुसरीकडे कुठेही नाहीत.

जानेवारीत आयनो आली आणि गेली, त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये जून भिंतीकडे तोंड करून म्हणाली होती, 'काढा. मला दाखवू नका, पण काढा.' तू आयनोला धरलं होतंस. मला म्हणालास, 'टोपी जरा वर कर गं, केस दिसू देत. आपल्या आईसारखे आहेत.' मी टोपी वर केली. घरी येऊन कॅमेरा कपाटात ठेवला. फोटो उतरवायचे म्हणजे ते मोठ्या पडद्यावर बघायचे. उद्या बघू म्हटलं. रोज म्हटलं. हॉकीला निघतानाही कार्ड बदलायचं होतं. आत गेल्यावर बदलू म्हटलं. तू विचारलंस तेव्हा सांगितलं, जपून ठेवलेत.

प्लॅनवाल्यांना फोन केला.

'न उघडता, आहे तसा पाठवा मॅडम. कुणी उघडला तर प्लॅन रद्द.'

'आत कार्ड अडकलंय.'

'कार्ड प्लॅनमध्ये येत नाही.'

'तेवढं परत द्याल?'

'आलेला कॅमेरा परत जात नाही. पण मॅडम, नवा मिळतोय ना तुम्हाला!'

फोनवरच्या मुलीला माझ्यासाठी खरंच आनंद झाला होता.

मे महिन्यापासून लग्नांची कामं आहेत, आणि माझ्याकडे दुसरा कॅमेरा नाही. घ्यायची ऐपतही नाही. ती कामं गेली तर हे घर गेलं. हे मी तुला घाबरवायला सांगत नाही. परवा मी काय केलं ते कळावं म्हणून सांगते. परवा मी कॅमेरा बांधला आणि पोस्टात गेले. काउंटरवर आपली एल्सी.

'काय गं, अंडी पाठवतेस की काय? केवढं बांधलंयस!'

'मोडका कॅमेरा आहे.'

'मोडका? मग किंमत शून्य लिहू?'

मी खोकं उचललं आणि घरी आले. दाराच्या टपालपेटीत तुझं पत्र होतं.

मिनिआपोलिसला अशी कार्डं सोडवणारा एक माणूस आहे. काल बोलले त्याच्याशी. म्हणाला, उघडावं लागेल. वाचेल किंवा तुकडे होतील, आधी सांगता येत नाही. ज्यांचे फोटो आहेत त्यांची परवानगी आणा.

प्लॅनवाल्यांची मुदत शुक्रवारी संपते. हे पत्र तुला सोमवारी मिळेल. मुद्दाम फोन केला नाही. केला असता तर तू म्हणाला असतास, 'पाठवून दे, तुझं पोट महत्त्वाचं.' आणि मी पाठवला असता, वेस. मला माहीत आहे, मी पाठवला असता.

तेव्हा नव्या कॅमेऱ्याची ती अर्धी गोष्ट संपली आहे. उरलेली अर्धी तुम्हा दोघांची. उघडला तर आयनो दिसेल, किंवा कायमची जाईल. न उघडता ठेवला तर ती आत असेल, पण दिसणार नाही. जूनला काय सांगायचं ते तू ठरव. मला शब्द सापडले नाहीत, म्हणून आधी विम्याचं लिहीत बसले.

कॅमेरा स्वयंपाकघरात टेबलावर आहे, टॉवेलात गुंडाळलेला. मी त्याला हात लावत नाही.

तुम्ही कळवाल तसं करेन.

आयनोची आत्या,
हेल्मी