मुतसिमची केस व्यवस्थित चालू आहे

रविवार, ६ ऑक्टोबर
नवी केस. मुतसिम, वय पंधरा, दहावीत. आजोबा घेऊन आले. हाजी मिफ्लिह, वय चौऱ्याऐंशी. काठी आहे, पण तिचा उपयोग फक्त बोलताना दाखवायला. मला डॉक्टर म्हणाले. मी डॉक्टर नाही, समुपदेशक आहे, एम. ए. आहे, असं स्पष्ट सांगितलं. "बरं डॉक्टर," म्हणाले.

हकिगत अशी. एप्रिलमध्ये शाळेच्या सकाळच्या रांगेत मुतसिम माइकवर बातम्या वाचत होता. मुख्याध्यापकांचे वडील इस्पितळात होते. त्यांच्यासाठी दुआ मागायची, तर याने घाबरून शोकसंदेश वाचला. म्हातारे तिसऱ्या दिवशी गेले. तेव्हापासून मुलं त्याला मौतीचा फरिश्ता म्हणतात आणि तो शाळेत एक शब्द बोलत नाही. दुकानात बोटाने दाखवून पाव घेतो. महिना-दीड महिन्यात वर्गात उभं राहून धडा वाचला नाही, तर शाळा त्याला ठेवणार नाही.

माझ्याशी मात्र हळू आवाजात बोलला. स्वतःबद्दलचा समज: "मी तोंड उघडलं की कुणाचं तरी वाईट होतं."

समजाच्या मुळाशी जायचं ठरवलं. विचारलं, असं असेल तर त्याचा अर्थ काय? म्हणाला, मी गप्प बसावं. मी: आणि त्याचा अर्थ? तो: म्हणून मी गप्प बसतो. मी: आणि त्याचा अर्थ? यावर तो वीस मिनिटं गप्प बसला.

नोंद: पहिल्याच भेटीत बऱ्याच खोलवर पोचलो.

रविवार, १३ ऑक्टोबर
पुराव्यांचा तक्ता. डावीकडे समजाच्या बाजूचे पुरावे, उजवीकडे विरुद्ध. मुतसिम मन लावून लिहितो. डावीकडे चौदा पुरावे झाले. मुख्याध्यापकांचे वडील. आत्याचा फ्रिज (याने "जुना झाला" म्हटलं, रात्री बंद पडला). गणिताच्या सरांना "जपा" म्हटलं, त्यांना साखर निघाली. उजवीकडे काही नाही.

उजव्या बाजूची सुरुवात मी करून दिली. म्हटलं, लिही: डॉक्टरांना दोनदा सलाम केला, डॉक्टर ठणठणीत आहेत. त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "नक्की?" म्हणाला.

मी नक्की म्हणालो. नंतर विचार केला, गुरुवारपासून माझी पाठ दुखते आहे, तेव्हा हे पूर्ण खरं होतं का? पण पाठ बुधवारीही थोडी दुखत होती.

रविवार, २० ऑक्टोबर
तक्त्याने जे होत नाही ते प्रयोगाने होतं. मुतसिमने एक वाईट भाकीत मोठ्याने करायचं आणि ते खोटं ठरलेलं डोळ्यांनी बघायचं. माणसाबद्दल बोलायला तो तयार होईना. शेवटी खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "डॉक्टर, तुमची गाडी बंद पडेल." मी मनापासून हसलो. हसू आत्मविश्वासाचं वाटलं असावं.

सोमवार, २१ ऑक्टोबर, सकाळी ८.१०
गाडी चढावर बंद पडली. बॅटरी. बॅटरी रमजानपासून कुरकुरत होती, त्यामुळे याचा प्रयोगाशी संबंध नाही.

मेकॅनिक मला मुलाच्या नावाने हाक मारतो. म्हणाला, "हिला नजर लागलीये अबू तमीम." अशिक्षितपणा किती खोलवर गेलाय!

शनिवार, २६ ऑक्टोबर
मुतसिमला सांगावं की नाही? सांगितलं तर तीन आठवड्यांचं काम वाया. न सांगणं म्हणजे खोटं बोलणं का? दोन दिवस प्रामाणिकपणे विचार केला. निर्णय: त्याने विचारलं तर खरं सांगायचं. त्याने विचारू नये म्हणून उद्या मिनीबसने जायचं आणि दोन थांबे आधी उतरून चालत क्लिनिकला यायचं.

सुहैर म्हणाली, "तू एका पोराला चुकवायला चालत जाणार? त्यापेक्षा बॅटरी आण." बायकोला व्यवसायातली गुंतागुंत समजावून सांगणं सोडून दिलं आहे.

रविवार, २७ ऑक्टोबर
मिनीबसमध्ये मुतसिम आणि हाजी मिफ्लिह होते. हाजींनी सरकून मला जागा दिली. मी दोन थांबे आधी उतरलो. काच खाली करून हाजी म्हणाले, "डॉक्टर, क्लिनिक पुढे आहे."

मुतसिमने डावीकडे पंधरावा पुरावा लिहिला. अक्षर सुधारतं आहे.

रविवार, ३ नोव्हेंबर
नवा प्रयोग. आता चांगलं भाकीत. मुतसिम म्हणाला होता, या आठवड्यात पाऊस पडेल. ऑलिव्हची तोडणी संपत आली, सगळे आभाळाकडे डोळे लावून बसलेत. टिपूसही नाही. मी त्याला आनंदाने सांगितलं, बघ, तुझ्या बोलण्याने काहीही होत नाही! तो म्हणाला, "चांगलं बोललेलं होत नाही. वाईट तेवढं होतं."

नोंद: तर्कशक्ती उत्तम.

संध्याकाळी हाजींचा फोन. "डॉक्टर, तुमचे प्रश्न फार छान. पोरगा घरी येऊन सगळे मला विचारतो." इतकं मोकळं कौतुक पालक सहसा करत नाहीत. मी म्हटलं, घरी सराव चालू ठेवा. म्हणाले, "चालूच आहे."

रविवार, १० नोव्हेंबर
मुतसिम आपणहून बोलू लागला आहे. आज त्याने विचारलं, गाडी कशी आहे, पाठ कशी आहे, इतर पेशंट येतात का. इतर पेशंटबद्दल मी बोलू शकत नाही असं सांगितलं. "म्हणजे नाहीत," म्हणाला, पण प्रेमाने.

रात्री मीही स्वतःचा तक्ता केला. जे आपण करत नाही ते मुलांना सांगू नये. समज: "मी चांगला समुपदेशक आहे." बाजूने: पदवी, अकरा वर्षं, खुर्च्या आरामशीर. विरुद्ध: वेळेअभावी राहिलं.

रविवार, १७ नोव्हेंबर
मुतसिम आल्या आल्या म्हणाला, "मला एक सांगायचंय." फार मोठी गोष्ट! आपल्या बोलण्याला किंमत आहे हे त्याला कळावं, म्हणून ही घटना किती महत्त्वाची आहे ते मी आकृती काढून समजावलं. आकृती फळ्यावर मावेना. वेळ संपली. म्हटलं, सांगायचंय ते पुढच्या वेळी नक्की घेऊन ये.

शाळेने दिलेली मुदत जवळ आली आहे. आठवड्यातून तीन भेटी करायला हव्यात. हाजी कसे तयार होतील?

शुक्रवार, २२ नोव्हेंबर, सायं. ६
सगळं क्रमाने लिहितो.

नमाजानंतर दारात नऊ माणसं. पुढे हाजी मिफ्लिह, अंगावर इस्त्री केलेला लांब अबा, मागे चुलते, मामे, एक वकील. सगळ्यांत शेवटी मुतसिम. अशी मंडळी घरी येते ती काहीतरी मागायला, बहुतेकदा मुलीला मागणी घालायला, हे कुणालाही कळतं. सुहैर स्वयंपाकघरात माझी बाही धरून म्हणाली, "अरे, आपल्याला मुलगी नाही! हे कशाला आलेत?"

माझ्या लक्षात आलं. आठवड्याला तीन भेटी. स्वतःहून मागायला आले होते.

कॉफी दिली. हाजींनी पेला घेतला आणि न पिता समोर ठेवला. बाकी आठांनी तसंच केलं. मागणं मान्य झाल्याशिवाय पिणार नाहीत. घरात नऊ पेले निवत होते आणि मला इतकं भरून आलं की मी थांबलो नाही. छातीवर हात ठेवून म्हणालो, "प्या कॉफी, हाजी. जे मागायला आलात ते दिलं."

माझे वडील सांगायचे, आधी ऐकून घे, मग दे. पण त्यांच्याकडे कधी नऊ माणसं आली नव्हती.

कुणी पेला उचलला नाही. हाजी मागे वळून म्हणाले, "बोल रे."

मुतसिम उभा राहिला. आवाज स्वच्छ. सुहैरला स्वयंपाकघरात प्रत्येक शब्द ऐकू आला. तो म्हणाला, "डॉक्टर, मला आता रविवारी यायचं नाही. गेल्या वेळीच सांगणार होतो. त्याच्या आधीही दोनदा. पण तुम्हाला वाईट वाटेल असं वाटलं. आजोबा म्हणाले, मग रीतीने मागू, सगळ्यांनी मिळून. बुधवारी मी वर्गात धडा वाचला. कुणी मेलं नाही. मुख्याध्यापकांना सर्दी झाली, पण ती मंगळवारची होती."

वकिलांनी मान डोलावली.

मी विचारलं, हे कसं झालं? हाजी म्हणाले, "त्या दिवशी बसमध्ये तुम्हाला बघितलं आणि वाटलं, प्रयोग बरोबर आहे, गाडी चुकीची आहे. ती मरायलाच टेकली होती. टेकलोय मीही, पण मी हट्टी आहे." मग त्यांनी स्वतःचा शोकसंदेश लिहून काढला आणि रोज दुपारी असरच्या नमाजानंतर नातवाकडून वाचून घेतला. "पहिल्या दिवशी कुजबुजला. म्हटलं, अरे, चौऱ्याऐंशी वर्षं काढलीत, दारापर्यंत तरी ऐकू जाऊ दे! आता गल्लीत ऐकू जातं. रोज मरतोय डॉक्टर, आणि भूक वाढलीये."

हाजींचे एक चुलतभाऊ म्हणाले, "त्या शोकसंदेशात मागे राहिलेल्यांच्या यादीत माझं नाव अकरावं घातलंय यानं." हाजी म्हणाले, "विहिरीचं भांडण मिटव, पाचवं घालतो."

मी सगळ्यांसमोर म्हणालो की शास्त्रीयदृष्ट्या ही माझीच पद्धत आहे. हाजी म्हणाले, "तुमचीच. म्हणून तर इतकी माणसं घेऊन आलो." मग सगळ्यांनी कॉफी प्यायली. थंड झाली होती. चांगली झालीये म्हणाले.

निघताना मुतसिमने विचारलं, "डॉक्टर, तुम्ही ठीक राहाल ना?" मी नक्की म्हणालो.

रविवार, २४ नोव्हेंबर, दु. ४.१०
मुतसिमची वेळ मोकळी आहे. फाइल पूर्ण केली. शेवटी "उपचार यशस्वी" असं लिहिलं. वाचून पाहिलं. "उपचार" खोडलं.

दु. ४.३५
शाळेतून फोन. स्वतः मुख्याध्यापक. सर्दी अजून आहे. म्हणाले, मुतसिमचा बदल पाहून सगळे थक्क झालेत, अशीच आणखी तीन मुलं आहेत, दोन तर वर्गात डोकंही वर करत नाहीत. मी वही उघडली आणि रविवार, मंगळवार, गुरुवार अशा वेळा वाचून दाखवल्या. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले, "नाही डॉक्टर, हाजी मिफ्लिह यांचा नंबर हवा होता."

दिला.

दु. ४.४०
घाईत एखादा आकडा चुकला असेल असं वाटलं. मुलांचा प्रश्न आहे. पुन्हा फोन करून विचारलं. बरोबर होता.