ओदेतची अट

बुधवार, १ मे. हैफा.

अखेर अट ठरली! आमच्या रमझीने टोरोंटोहून पाठवलेल्या स्थलांतराच्या अर्जावर माझी सही झाली आहे, बायकोची, ओदेतची, नाही. घर विकून मुलाकडे कायमचे जायचे, हे मी हिवाळ्यातच नक्की केले. ती 'हो' म्हणत नाही, 'नाही'ही म्हणत नाही. आज भांडी विसळता विसळता म्हणाली, "माझ्याबरोबर नासरेथहून कफर्णहूमपर्यंत पायी चल. तळ्याकाठी पोचलो की उत्तर देईन. जे देईन ते देईन. मग वाद नाही."

पायी! परदेशी लोक विमानाने येऊन ख्रिस्ताची ती वाट चालतात. आम्हा अरब ख्रिस्ती लोकांपैकी कोणी चालल्याचे ऐकिवात नाही. आम्ही येथलेच. तळ्यावर जायचे झाले तर गाडीने जातो, मासे खातो, परत येतो. मी हेच सांगितले.

"म्हणूनच तर," ती म्हणाली. "जन्मभर त्याच्या शेजारी राहिलो आणि एकदा चालत त्याच्या दारी गेलो नाही. सोडून जायचं की नाही ते मी त्यालाच विचारणार आहे."

मोघम अटीवर करार करू नये, हे वाणिज्य शाखेत पहिल्याच वर्षी शिकवतात. तरी मान्य केले. दुसरा मार्ग नाही.

गुरुवार, २ मे. काना.

नासरेथच्या बाजारातून पायऱ्या चढून वर आलो. पायऱ्यांवर कुजलेली कोबी, तिच्यावर माश्या, आणि माश्यांना न जुमानता सामोसा-आकाराचे पालकाचे फतायर विकणारा एक इसम. गावाबाहेर रान सुरू होते असे नकाशा म्हणतो. प्रत्यक्षात उकिरडा सुरू होतो. जांभळी काटेरी फुले आणि त्यांच्या बुडाशी बाळांचे वापरलेले डायपर. ज्या भूमीला आम्ही पवित्र म्हणवून घेतो, तिच्यावर आम्हीच हे टाकतो! शिसारी आली.

एका वळणावर ओदेत थांबली. म्हणाली, "हा डोंगर त्यानं रोज पाहिला असेल. पाण्याला जाताना."

मी म्हणालो, "तेव्हा त्यावर ट्रकचे टायर नसतील."

ती हसली. आज दिवसभर हसतच होती. चढावर माझ्या पुढे असते. मला तिच्या बुटांच्या टाचा तेवढ्या दिसतात.

मुक्काम तिची मावसबहीण उम्म लतीफ हिच्याकडे. दारातच मुलाच्या नावाने हाक मारून मला म्हणाली, "अबू रमझी, तोंड असं का? लिंबू चोखत आलात की काय?"

ओदेत म्हणाली, "याचं नाक आधी पोचतं, मग हा."

दोघी खूप हसल्या. जेवणात मसूर-भात, वर तळलेला कांदा, दही. भात चांगला होता. न्हाणीघराबद्दल लिहीत नाही.

शुक्रवार, ३ मे. शेतावरचा मुक्काम.

आजची गोष्ट नीट लिहून ठेवतो.

काना हे ख्रिस्ताने पाण्याचा द्राक्षारस केला त्या लग्नाचे गाव. त्यामुळे येथे विवाहित जोडप्यांना देवळात उभे करून लग्नाच्या शपथा पुन्हा द्यायची रीत आहे. सकाळी गेलो तेव्हा परदेशी जोडप्यांची रांग लागली होती. डोक्याला उन्हाच्या टोप्या, मांडीपर्यंत चड्ड्या, डोळ्यांत पाणी. शपथ झाली की शिक्का मारलेले प्रमाणपत्र. बाहेर दुकानात गोडमिट्ट वाईन – चव घ्या, दादा, चव घ्या! घशाखाली उतरेना. खोकल्याचे औषध परवडले.

ओदेतने माझी बाही ओढली. "आपणही उभे राहू या."

"कशाला?"

"मला हवंय म्हणून."

पाद्रीबाबा आमची भाषा ऐकून खूश झाले. म्हणाले, "या, या! घरचे लोक कधी येतच नाहीत. तुमचं लग्न कुठं लागलं?" ओदेत एक पाऊल पुढे झाली. मी तिथेच उभा. म्हणालो, "बाबा, ज्या कराराची मुदत संपलेली नाही, त्याचं नूतनीकरण करत नाहीत. केलं तर मुदत संपली होती असा अर्थ होतो."

विधान अचूक होते. अजूनही अचूकच वाटते. पाद्रीबाबा हसले. मागच्या दोघाचौघांना कोणीतरी त्याचे भाषांतर करून सांगितले, तेही हसले. ओदेत हसली नाही. ते एक पाऊल तिने मागे घेतले.

दुपारी गव्हाच्या शेतांतून वाट. ईस्टरपासून चाळीस दिवस आमच्याकडे कोणी 'नमस्कार' म्हणत नाही. एकाने 'ख्रिस्त उठला!' म्हणायचे, दुसऱ्याने 'खरोखर उठला!' म्हणून साक्ष द्यायची. दुकानदारापासून दंतवैद्यापर्यंत सगळे हेच. मी 'शुभ सकाळ' म्हणतो. ज्याची शहानिशा मी केलेली नाही, त्याला साक्षीदार राहत नाही. ट्रॅक्टरवरच्या एका ओळखीच्या गृहस्थाने दुरून आरोळी दिली, "ख्रिस्त उठला, ओ चालणारे!" एरवी ओदेत अशा वेळी कानठळ्या बसतील असे ओरडते. आज उत्तर दिले, पण हळू. ट्रॅक्टरवाल्याला ऐकू गेले नसावे.

अंथरुणाला मेंढीचा वास येतो आहे. मेंढी आत झोपली असती तर बरे, निदान वासाला कारण मिळाले असते.

शनिवार, ४ मे.

हत्तीनचे पठार. ऊन, शेण, गोमाशा. ओदेत तिच्या स्वतःच्या बाटलीतलेच पाणी प्यायली.

रविवार, ५ मे. कफर्णहूम.

सकाळी कड्यावरून उतरलो. दगडात लोखंडी कड्या ठोकलेल्या आहेत, त्या धरून उतरायचे. शेकडो तळव्यांचा घाम लागून कड्या चिकट झालेल्या. मी रुमालाने धरत होतो. मध्यावर ओदेत थांबली. खाली सगळे तळे उघडे पडले होते, सकाळचे, एकही होडी नसलेले. तिने मागे वळून माझ्याकडे पाहिले. चार दिवसांत पहिल्यांदा तिला वाटले असावे की आता हा काही बोलणार नाही.

मी म्हणालो, "काठाला शेवाळ बघ. पाणी किती खाली गेलंय."

ती पुन्हा उतरू लागली.

तळ्याकाठच्या वाटेने केळीच्या बागांतून दुपारपर्यंत कफर्णहूमला पोचलो. फाटकावर उघड्या खांद्यांच्या बायकांना शाली वाटणारी एक बाई बसते. आमचे बोलणे ऐकून उठून उभी राहिली. "अगं बाई, आपली माणसं! आणि चालत? नासरेथहून? वेड लागलं का तुम्हाला!" मग दोन्ही हात पसरून ओदेतला म्हणाली, "ख्रिस्त उठला, बाई!"

ओदेत म्हणाली, "शुभ सकाळ."

दुपार झाली होती. त्या बाईचे हात तसेच पसरलेले राहिले. काय करावे तिला कळेना. मलाही कळेना. शेवटी तिने ओदेतच्या खांद्यावर शाल टाकली, जिची गरज नव्हती.

आत पेत्र शिष्याच्या घराच्या काळ्या दगडांपाशी ओदेत उभी राहिली. गुडघे टेकले नाहीत. नंतर पाण्याजवळ एका कठड्यावर आम्ही बसलो आणि तिने अटीप्रमाणे उत्तर दिले.

"येते मी कॅनडाला. घरी गेल्यावर सही करते."

मी विचारले, "नीट विचार केलास ना?"

"मला वाटलं होतं, वाटेत एखादी जागा माझा पाय धरून ठेवील. म्हणेल, ओदेत, जाऊ नकोस. एकीनंही धरला नाही." आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते. "प्रत्येक ठिकाणी मी पोचायच्या आधी तू काहीतरी म्हणून झालेला असायचास. आणि तू खोटं एकदाही बोलला नाहीस, अबू रमझी. टायर होते. शेण होतं. शेवाळ आहे. आता मला तेवढंच दिसतंय."

एका गटाने शेजारी भजन सुरू केले. भयंकर बेसूर. मी तसे म्हटले नाही.

सोमवार, ६ मे. हैफा.

सही झाली. रमझीला फोन केला. तो आनंदाने इतका ओरडला की सून घाबरून धावत आली. "बाबा, कसं पटवलंत हो आईला?" मी म्हणालो, "मी काहीच केलं नाही." हे विधान मात्र अचूक नव्हते.

मंगळवार, ७ मे.

ओदेतने भिंतीवरच्या पवित्र तसबिरी उतरवल्या. न्यायला बांधते आहे असे वाटले. वर्तमानपत्रात गुंडाळून उम्म लतीफकडे पाठवायला ठेवल्या. "धूळ खात होत्या नुसत्या," म्हणाली. हे वाक्य माझे आहे. गेल्या वर्षी मी म्हणालो होतो, याच शब्दांत.

बुधवार, ८ मे.

पाव आणायला गेलो. बेकरीवाला सवयीने ओरडला, "ख्रिस्त उठला!" मी म्हणालो, "खरोखर उठला." त्याच्या हातातला पाव तसाच राहिला. मी शहानिशा केलेली नाही. पण आमच्या घरातून कोणीतरी उत्तर द्यायला हवे होते, आणि ओदेत आता देत नाही.

शुक्रवार, १० मे.

दलाल घर पाहून गेला. ओदेतनेच फिरवले. स्वयंपाकघराच्या छताला धरलेली ओल, न लागणारी खिडकी, जिन्यातला मांजरांच्या मुताचा वास – प्रत्येक दोष बोट ठेवून दाखवला. दलाल म्हणाला, "बाई, घर विकताय की मला पळवून लावताय?"

तो गेल्यावर मी म्हणालो, "ओदेत, घर विकायचं नाही. आपण कुठे जायचं नाही."

तिने थकलेल्या नजरेने माझ्याकडे पाहिले. "का? तुला काय दिसलं इथे?"