बंड्याला कोण बोलावतं

१० फेब्रुवारी १९५७, रविवार

आज घरात तिसरं माणूस आलं, चार पायांचं! माझगावच्या मामाकडून डिलाईल रोडला स्वतःच्या खोलीत येऊन आठवडा झाला. मी मिलला गेलो की घर खायला उठतं, काहीतरी सोबत आणा, असा कमलने हट्टच धरला होता. बायकोचा हट्ट मोडायची ताकद कुणात आहे? सकाळी परळच्या मुक्या जनावरांच्या दवाखान्यात गेलो. सगळी कुत्री भुंकून घसा फोडत होती. एकच तांबडा, फाटक्या कानाचा, दाराकडे तोंड करून गप्प बसला होता. तिथला माणूस म्हणाला, याचा मालक वारला, हा मिलच्या फाटकाशी उपाशी बसून राहिला, उठेचना, म्हणून गाडीत घालून आणला. मी म्हटलं, हाच द्या. कमलने नाव ठेवलं बंड्या. नावाला ओ देत नाही, शीळ घातली तरी ढुंकून बघत नाही. होईल सवय.

१३ फेब्रुवारी

या महिन्यापासून मी साचेखात्यात मागावर कापड विणतो. हे लिहितानाही छाती फुगते. आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात सुताची नवी कांडी भरली की त्याच्या भोकाला तोंड लावून श्वास ओढायचा, मग धागा बाहेर येतो. एकाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागतो, म्हणून आमच्या आज्याला आणि बापाला या खात्याच्या दारात उभं केलं नाही. थुंकीचा विटाळ म्हणे! डिसेंबरात दादरला बौद्ध दीक्षा घेतली तेव्हाच ठरवलं, उभा राहीन तर साच्यावरच. शेजारच्या साच्यावर मालवणचा गुणाजी आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात आम्ही खांद्याला खांदा लावून बोंबललो. माझ्या तोंडची घोषणा त्याच्या तोंडाला चालते, पण माझ्या हातचा धोटा घ्यायची वेळ आली की सदऱ्याला खसाखसा पुसतो. मग मी मुद्दाम त्याच्यासमोर मोठ्याने ओढतो. जळू दे मेल्याला.

संध्याकाळी कमलला दाखवत होतो धागा कसा ओढतात. ओठांनी नुसतं ‘च्युप्’ केलं, आणि बंड्या एका उडीत माझ्या पायाशी! शेपटीने जमीन झाडली. आम्ही दोघं हसून हसून लोळलो. आता त्याला तसंच बोलावतो.

१८ फेब्रुवारी

पाळी सुटून घरी चहा पीत होतो. बाहेर गॅलरीत कुणीतरी ‘च्युप्’ केलं. बंड्या ताडकन उठला. दार उघडलं तर लख्ख ऊन, दोरीवर लुगडी, माणूस नाही. कमल म्हणाली, मी मिलमध्ये असतानाही तिने हे ऐकलंय, आणि मागोमाग ओला खोकला. पोरं असतील, मी म्हटलं. ती म्हणाली, पोरं असं खोकत नाहीत.

२१ फेब्रुवारी

गुणाजीला सांगितलं. त्याने साचाच थांबवला. “अरे, तो राजारामाचो कुत्रो!” राजाराम म्हणजे माझ्या साच्यावरचा आधीचा माणूस, दिवाळीपासून छातीच्या रोगाने पडून होता, जानेवारीअखेर गेला. पाळी सुटली की फाटकातून तसाच आवाज करून कुत्र्याला बोलवायचा. या खात्याची रीत अशी की साचेवाला मेला की त्याचा धोटा त्याच्याबरोबर चितेवर ठेवतात, नाहीतर त्याचा श्वास त्यात अडकून राहतो. राजारामचा ठेवला नाही. का, विचारलं. गुणाजीने सांगितलं. त्याच्या जागी येणारा नवा माणूस कुठल्या जातीचा ते आधीच कळलं होतं, म्हणून खात्यात ठरलं, त्याला कशाला नवा धोटा, मेलेल्याचा चोखू दे. साच्यावर ठेवला तो गुणाजीनेच.

आता म्हणतो, कुत्रा फाटकाशी सोड, धोटा वरळीच्या समुद्रात टाक. वा रे वा! तुम्ही करायचं आणि मी निस्तरायचं? धोटाही माझा, कुत्राही माझा.

२५ फेब्रुवारी

आवाज दारातूनच येतो. फळीत गाठ निखळलेलं भोक आहे, तिथून. त्याच्या कडा ओल्या असतात. आज कमलच्या पदराचा दोरा त्या भोकातून बाहेर गेला होता — ओढून घेतल्यासारखा, ताठ. मी तोडला. धोट्याला रक्ताची चव येते. तरी ओढतो.

१ मार्च

गुणाजी घरी आला. पहिल्यांदाच. आमच्या माठातलं पाणी प्यायला. रडला. म्हणाला, तुझ्या पाया पडतो, कुत्रा दे, मी नेऊन सोडतो. तो मनापासून घाबरलाय, खोटं नाही. मीही घाबरलोय, लिहायला लाज कसली. पण कमलने बंड्याला मांडीवर घेतलं, म्हणाली, ज्याला तुम्ही एक भाकरी टाकली नाहीत तो आता कुणाचा? मी तेच म्हणतो.

३ मार्च, रविवार

भर दुपार. शेजारी रेडिओ चालू आहे. भोकातून ओढ — कॅलेंडरची पानं दाराकडे वळलीत. बंड्या पोटावर सरकतोय. जात नाहीये, ओढला जातोय. कमलने धरलाय.

ऐक राजाराम. मेलास म्हणून मोठा झाला नाहीस. तुझं कुत्रं माझ्या ओठांना ओळखतं, हेच खुपतं ना? त्याला विटाळ कळत नाही. तुला मरूनही अक्कल आली नाही. थांब —

भोकाला तोंड लावलं. ओढलं. पलीकडे ओठ आहेत. गार.

सोडत नाही. धागा आला तोंडात, खारट — एका हाताने ओढतोय, एका हाताने लिहि — संपत नाही —

बंड्या उठला! दारावर गुरगुरतोय. माझ्या बाजूने! पहिल्यांदाच भुंकला —

पलीकडचा खोकतोय. परत ओढतोय. छातीतलं काहीतरी सुटत — कमल म्हणते सोडा, सोडा —

धागा लाल —

गुणाजी, माझा धोटा जाळू नकोस. साच्यावरच ठेव. आमच्यातला पुढचा जो येईल त्याला —

बंड्या, इकडे. च्यु