डेजीची लांब पाठ

प्रिय जिजा,

गुरुजी म्हणतात पत्राची सुरुवात 'प्रिय'नं करावी, म्हणून केली. एरवी मी तुले प्रिय म्हटलं असतं तर तूच माह्या कपाळाले हात लावून ताप पाह्यला असता. अक्षरं कोंबडीनं उकरल्यासारखी आली आहेत, तशीच वाच. गुरुजी म्हणाले होते, "आजी, तुम्ही सांगा, मी लिहून देतो." मी म्हटलं, राहू द्या. तुमच्या प्रौढांच्या वर्गात मी पाटी घासली ती काय निस्ती सही करायले? पण खरं कारण ते नाई. हे पत्र दुसऱ्याच्या हातून लिहिण्यासारखं नाई.

इकडे सगळं ठीक आहे. शेळी व्याली, दोन्ही पाटीच झाल्या, बोकड एकही नाई. घरावरचे कवेलू फिरवून घेतले. शेजारची तानाबाई आहे तशीच आहे, तोंड चालू अन् हात बंद. तुह्या सासूबाईले माहा नमस्कार सांगजो. अन् त्या कागदाच्या कारखान्याचा वास तुले अजून सोसत नसेल तर नाकाले पदर लाव, पण नवऱ्याजवळ कुरकुर करत जाऊ नको. श्रावण पोरगा भला आहे. तुले सातवा लागला असेल. जड उचलू नको.

डेजीचे मागचे पाय गेले.

गेले म्हणजे आहेत, पण तिचे राह्यले नाईत. होळी झाल्यावर एका सकाळी मी भाकर घेऊन ओसरीवर आली, तर ती पुढून उठली अन् मागून उठलीच नाई. मागचं अंग ओल्या पोत्यासारखं फरफटत आलं. वराडली नाई, कण्हली नाई. वळून आपल्याच पायाकडे असं पाह्यलं जसं काही कोणी दुसऱ्यानं ते तिथं आणून ठेवले. मले वाटलं सोंग करून राह्यली. मी म्हटलं, ऊठ व मेमसाब, बंगला सुटला आता. तवा तिनं शेपूट हालवायले पाह्यलं. शेपूटही हाललं नाई.

तुले माहीत आहे, मले ती कधी आवडली नाई. मालगुजाराच्या शकुंतलाबाईनं ही कुत्री पेटीतून आणली त्या दिवशी मी बंगल्यावर गहू निवडत बसली होती. मी म्हटलं, बाई, याचे पाय मागून येणार आहेत का? चार बोटं पाय अन् दीड हात पाठ, वरून ते कान, जसे काही चपलेचे तळवे लोंबून राह्यले. बाई हसल्या. म्हणाल्या, "धुरपता, ही जर्मन जात आहे. बिळात शिरून जनावर बाहेर काढते." मी म्हटलं, आपल्या गावात बिळातून उंदीर काढायले मांजर आहे, तिले पेटी लागत नाई. तिच्या बापाचं नाव, आज्याचं नाव, पणज्याचं नाव, सगळं छापील कागदावर होतं. माह्या आज्याचं नाव मलेच आठवावं लागते.

अन् मग ती तुह्या गळ्यात पडली. दहा-अकरा वर्षांची असशील. बाईनं तुले ठेवलं ते झाडायले-पुसायले, पण महिनाभरात तू निस्ती डेजीची झालीस. तिले ब्रश, तिले साबण, तिचे कान कापसानं पुसणं. तुह्या डोक्यात उवा अन् कुत्रीचे केस चमकून राह्यले. बाईनं तुले शिकवलं की ताट समोर ठेवायचं अन् हुकूम दिल्याशिवाय तिनं तोंड लावायचं नाई. बाई तो हुकूम इंग्रजीत देत. तू मात्र 'जेव' म्हणायचीस. मी एकदा ऐकलं अन् तुले बोललीही, कुत्र्याले खा म्हणतात पोरी, जेव माणसाले म्हणतात. तू मले काय उत्तर दिलंस ते आठवते का? म्हणालीस, "आजी, ती विचारल्याशिवाय खात नाई, मग माणसापेक्षा बरी झाली का नाई?" तुले थापड द्यायची होती मले, पण हसू आलं.

तिच्यासमोर कलेजी ठेवली तरी ती पाहायची नाई. तुह्या तोंडाकडे पाहायची. लाळ गळून फरशी ओली व्हायची, पण मान हालायची नाई. तू मुद्दाम उशीर करायचीस, तानाबाईले दाखवायले. तानाबाई म्हणायची, "माह्या नवऱ्याले असं शिकव माय." मग तू हळूच म्हणायचीस, जेव. अन् मग ती अशी तुटून पडायची की भांडं ओट्याच्या त्या टोकाले जायचं.

नागपूरचं कुत्र्यांचं प्रदर्शन तर मी मरेपर्यंत इसरणार नाई. बाईनं मले डबा सांभाळायले नेलं होतं. केवढे ते कुत्रे! एक तर गोऱ्ह्याएवढा, त्याच्या तोंडाची लाळ पुसायले येगळा माणूस. एका बाईच्या कुत्र्याच्या डोळ्यावर केस येत म्हणून रिबीन बांधली होती. मी भैयाजी ड्रायव्हरले म्हटलं, याच्या जावळाचं जेवण कधी आहे रे? तो मेला गाडीमागं जाऊन हसला. मग तू डेजीले दोरीवर घेऊन त्या गोलात उतरलीस, बाईनं दिलेला फ्राक घालून, अन् मी देवाचं नाव घेतलं. कुत्रीसाठी नाई, तुह्यासाठी. एवढ्या साहेबलोकांत आपली पोरगी, पायात चप्पल नाई. तू तिच्याकडे पाह्यलं, तिनं तुह्याकडे पाह्यलं, अन् दोघी अशा चालल्या जशा काही तिथं दुसरं कोणी नाईच.

परीक्षा घेणारा साहेब म्हातारा होता. त्यानं डेजीले टेबलावर ठेवायले लावलं, दात पाह्यले, पाय पाह्यले अन् मग मानेपासून शेपटीपर्यंत पाठीवरून हात फिरवला. दोनदा फिरवला. काहीतरी बोलला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी भैयाजीले विचारलं, काय म्हणते रे तो? भैयाजी म्हणाला, "म्हणते, अशी लांब, सरळ पाठ त्यानं आजवर पाह्यली नाई." कप बाईच्या हातात दिला. फोटो निघाला. त्या फोटोत तुहा निस्ता हात आला, दोरी धरलेला. मी तो बंगल्यावर रोज पुसायची, म्हणून सांगते.

मालगुजारी गेली तरी बाईच्या मालकाची, रूपरावजीची ऐट काही वर्षं चालली. मग बंगला मोडला अन् बिऱ्हाड नागपूरले गेलं. डेजीची दोन पिल्लं नेली, कपाटातले कप नेले, फोटो नेला. डेजीच्या तोंडावर पांढरे केस आले होते, ती आता प्रदर्शनात चालणार नाई म्हणे. तू रडून घर डोक्यावर घेतलंस म्हणून ती आपल्या ओसरीवर आली. मले कोणी विचारलं नाई. तुह्या लग्नात ती मांडवाखाली सगळ्यांच्या पायात येऊन राह्यली होती, अन् गाडी निघाली तवा नाल्यापर्यंत मागं पळाली, तेवढ्याशा पायांनी. मी तिले उचलून आणली. जाताना तू सांगितलं होतंस, दोन्ही हातांनी उचलत जा, एक हात छातीखाली, एक मागं, पाठ वाकली नाई पाहिजे. मी तसंच उचललं, जिजा. रोज तसंच उचललं. बाजेवर चढू दिलं नाई, ओट्यावरून उडी मारू दिली नाई.

पाय गेले तवा मी पह्यले मोहाचं तेल चोळलं. मग कोतवाल पुनाजी आला, विळा तापवून डाग देऊ म्हणाला, बैलाचा लकवा त्यानं असाच काढला होता म्हणे. मी विळा त्याच्या हातून घेतला अन् त्याले वाट दाखवली. मग तिले टोपल्यात घालून कारंज्याच्या ढोरांच्या डॉक्टरकडे नेली. बसमधे लोक विचारत, आजी, टोपल्यात काय, कोंबड्या का? मी म्हटलं, माही सून आहे, माहेरी चालली. डॉक्टर पोरगा चांगला होता, हसला नाई. पायाच्या बोटाले चिमटा घेतला, सुई टोचली, तिले काही कळलं नाई. म्हणाला, "आजी, या जातीची पाठच अशी. लांब पाठीचा मणका सरकते. तुम्ही काही केलं नाई, अन् आता मलेही काही करता येत नाई." म्हणजे पाहाय, ज्या पाठीले कप मिळाला तीच पाठ.

मी गिरडच्या दर्ग्यातल्या बाबाले नवस बोलली. हसशील तर हस. कुत्रीसाठी नवस बोलायले मले लाज वाटली, म्हणून मी सांगितलं नातीसाठी बोलते. बाबानं ओळखलं असेल.

आता तिचं कसं चालते ते ऐक. जुन्या लुगड्याची पट्टी पोटाखालून घालून मी मागचं अंग उचलते अन् ती पुढून चालते, तशा आम्ही दोघी उकिरड्यापर्यंत जातो. तानाबाई म्हणते, "धुरपता, बैलजोडी चांगली जमली." तिले लघवी होत नाई, पोट दाबावं लागते. फरफटून मांडीची कातडी गेली. मी कडुनिंबाच्या पाण्यानं धुते, हळद लावते, पण उन्हाळा आहे, माश्या बसतात. परवा जखमेत अळ्या दिसल्या. काडीनं काढल्या. आज पुन्हा आहेत. माहे डोळे अधू झाले, सगळ्या काढल्या का नाई मले समजत नाई.

भैयाजी नागपूरहून बाईचा गहू न्यायले आला होता. मी त्याच्यासंगं बाईले निरोप धाडला होता, त्याचं उत्तर घेऊन आला. ओसरीवर चढला नाई, खालूनच म्हणाला, "बाई रडल्या. म्हणाल्या, तिचे हाल करू नका, काय ते करून टाका. अन् गळपट्टा तेवढा घेऊन ये म्हणाल्या, चांगल्या चामड्याचा आहे, नातवाले... म्हणजे पिल्लाच्या पिल्लाले होईल." डेजीनं त्याले ओळखलं. पुढच्या पायांनी सरकत ओट्याच्या कडेपर्यंत गेली. तो तसाच वळला. गळपट्टा मी दिला नाई. सांग म्हटलं, गळ्यात आहे अजून.

तुले माहीत आहे मी कशी बाई आहे. कोंबडीची मान मुरगाळताना मी बोलणं थांबवत नाई. मांजरीची जास्तीची पिल्लं नाल्यात मीच सोडते, तानाबाईचीसुद्धा. तुहा आजोबा जंगलू वारला तवा मी तिसऱ्या दिवशी कामावर होती. करून टाका म्हणायले बाईले नागपुरात बसून सोपं आहे, पण त्या काही खोटं बोलल्या नाईत. म्हणून मी काल कुचल्याचं विषारी बी वाटलं. जंगलच्या कामाले जात होतो तवापासून घरात पडून होतं. दूध-भाकरीत गूळ घालून कालवलं अन् तिच्या पितळीत तिच्यासमोर ठेवलं.

ती पितळीकडे पाहीना, जिजा. माह्या तोंडाकडे पाहत बसली. पुढचे दोन्ही पाय नीट जुळवून, मान वर करून, जशी त्या टेबलावर उभी होती तशी. लाळ गळत होती. भूक होती तिले. रोज दोन वेळा तो शब्द मी तुह्यासारखाच म्हणत आली, चिडून का होईना. काल माह्या तोंडात तो आलाच नाई. मी म्हटलं, खाय ना व. ती हालली नाई. मी पितळी पुढं सरकवली. ती माह्याकडेच पाहत राह्यली. ऊन ओट्यावरून उतरलं तरी तशीच. मग मी पितळी उचलली, सगळं चुलीत घातलं, पितळी राखेनं तीनदा घासली, नवी भाकर कुस्करली अन् म्हटलं, जेव. तिनं सगळं खाल्लं अन् माहा हात चाटला.

म्हणून हे पत्र. सासूबाईले काय सांगायचं ते सांग, आजी आजारी आहे सांग, पण ये. शब्द तुहा आहे, तूच म्हण. नाईतर कागदावर लिहून धाड की असं करू नको, म्हणजे मले कोणाचं तरी ऐकल्यासारखं होईल. अळ्या रोज वाढून राह्यल्या आहेत, लवकर सांग. मले आता काहीच सुचत नाई. तोवर मी तिले दोन्ही वेळा जेव म्हणत जाईन. त्याच्या पुढचं माह्यानं होत नाई.

तुझीच आजी,
धुरपता